लागते आणि पुरते

पुष्पलता नंदेश्वरच्या वर्गात पहिल्या दिवशी गणित होतच नाही. भात होतो.

"भाताले पाणी लागते का?" ती विचारते.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कॉलेजातली पोरं ती! अर्धी घरी मराठी बोलतात, अर्धी हिंदी, आणि सगळी मिळून जे बोलतात त्याला नाव नाही. "हौ मॅडम," "लगता है मैडम," असा कालवा होतो.

"पाणी नसलं तं भात होईन?"

"नाही!"

"मंग नुसतं पाणीच चुलीवर ठेवलं तं होईन?"

पोरं हसतात. मॅडम हसत नाहीत. फळ्यावर दोनच शब्द लिहितात, लागते आणि पुरते. "पाणी लागते. पण पाणी पुरत नाही. तांदूळ लागते, चुलीत इस्तो लागते. एकेकटं काहीच पुरत नाही. पुस्तकात याले 'आवश्यक' आन 'पर्याप्त' म्हणतात. ते नाव पेपरात लिहा, डोक्यात हे ठेवा."

बाकीचं सगळं ती हिंदीतून शिकवते, कारण तसं शिकवावंच लागतं. पण हे दोन शब्द तिनं कधी सोडले नाहीत. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी एकदा हटकलंही होतं, की मॅडम, उच्च शिक्षण आहे हे, स्वैपाकघर नाही. पुष्पलता म्हणाली, "सर, तुमच्या घरचा स्वैपाक पाह्यला मी. तिथं बी हे दोन शब्द समजून घ्या लागतात." त्या दिवसापासून ते सर तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलतात.

अशी ही बाई. बुटकी, सावळी, चष्म्याची दांडी नेहमी वाकडी, आणि जिभेला हाड नाही. माहेर हट्ट्याजवळच्या एका खेड्यातलं, सासर बालाघाटात. कॉलेजात ती 'अतिथी विद्वान'. हा शब्द सरकारनं फार विचार करून काढला असावा. अतिथी म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्यानं किती दिवस राहायचं हे घरमालक ठरवतो! दरवर्षी नवी यादी लागते. ज्याचे गुण जास्त तो राहतो, ज्याचे कमी तो उठतो आणि जिथं जागा असेल तिथं जातो. पीएच.डी. झालेल्याला गुण जास्त. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर पुष्पलता पीएच.डी.ला बसली. घर, वर्ग, सासू आणि प्रबंध असं चारी बाजूंनी ओढत तिनं तो गाडा शेवटापर्यंत आणला.

नवरा राहुल. त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळलेल्या पंपाच्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळणं हे त्याचं काम. माणूस दिलदार, गमत्या, आणि बायकोचा फार अभिमान. प्रबंध जमा झाला त्याच दिवसापासून तो वॉर्डात तिला डॉक्टरीन म्हणायला लागला. "अवो, अजून व्हायचं हाय," ती म्हणायची. "मोटर फिरून राह्यली ना? मंग झाली दुरुस्त!" हे राहुलचं तत्त्वज्ञान. मोटर फिरली की काम झालं, गिऱ्हाईक गेलं, चहा आला.

प्रबंधाचा विषय तिला माहेरच्या भांडणातून मिळाला होता. त्यांच्या गावाला तलाव आहे. धान निसवायला, म्हणजे लोंब्या धरायला आलं की तलावाचं गेट कधी उघडायचं यावरून दरवर्षी गाव पेटतं. पाणी समितीचे पुनाराम काका राग आला की गेट सताड उघडत आणि राग उतरला की गच्च बंद करत. पुष्पलताला प्रश्न पडला, की पाणी मोजकंच आहे, दिवस मोजकेच आहेत, तर गेट कधी किती उघडलं म्हणजे गावाला धान जास्तीत जास्त होईल? आता हा प्रश्न पाहायला साधा दिसतो. पण प्रत्येक क्षणाला काय करायचं ते ठरवायचं, आणि आज केलेलं उद्याच्या अंगावर येतं. अशा प्रश्नांचं एक आख्खं शास्त्र आहे, नियंत्रणाचं गणित. त्यात एक देखणा नियम आहे. तो सांगतो, की तलावात राहिलेल्या पाण्याला एक सावली-किंमत असते. म्हणजे तो थेंब आज न सोडता पुढं वापरला तर त्याचं काय मोल होईल, ते. आज सोडण्यातला फायदा त्या सावलीहून मोठा असेल तर गेट पूर्ण उघडा, छोटा असेल तर पूर्ण बंद ठेवा. अर्धवट उघडं ठेवण्याची वेळ जवळजवळ येतच नाही. हे कळलं तेव्हा पुष्पलता वर्गातच खो खो हसली होती, कारण पुनाराम काका बिचारे पद्धतीत बरोबर होते, वेळ तेवढी चुकत होते.

तर जे वेळापत्रक सगळ्यांत चांगलं असेल, त्याला हा नियम पाळावाच लागतो. पुष्पलतानं नियम पाळणारं वेळापत्रक शोधलं आणि चौथ्या प्रकरणात ठणकावून लिहिलं, 'म्हणून हेच सर्वोत्तम.' गाईड सरांनी पाठ थोपटली. मौखिक परीक्षेची तारीख लागली, भोपाळहून परीक्षक बाई येणार असं कळलं. गुण मिळायचे तर निकाल यादीच्या आधी लागणं जरूर होतं, आणि तो लागणारही होता. सगळं कसं घडी घातल्यासारखं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी दुपारी ती कॉम्प्युटरवर आकडे पुन्हा चालवून पाहत होती. स्वैपाकघरातून सासू मैनाबाई ओरडली, "पुष्पे, वांगे कोनते चिरू वं? लंबे का गोल?" गोल सांगायच्या नादात पुष्पलतानं सावली-किमतीचा सुरुवातीचा आकडा चुकीचा टाकला. यंत्रानं गुमान गणित केलं आणि एक वेळापत्रक पुढं ठेवलं. वेगळंच! तिनं तपासलं. नियम पाळत होतं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकेक अट पाळत होतं.

तिनं पुन्हा तपासलं. तरी तेच.

दुसऱ्या वेळापत्रकातून धान कमी निघत होतं, हे खरं. पण दुसरं आहे तर तिसरं नसेल कशावरून? आणि ते पहिल्याहून सरस नसेल कशावरून? टेकडीच्या माथ्यावर जमीन सपाट असते म्हणून सपाट जमीन दिसली की आपण सगळ्यांत उंच माथ्यावर उभे आहोत, असं थोडंच असतं? वर्षानुवर्षं पोरांना भात शिकवणाऱ्या बाईनं स्वतःच्या प्रबंधात पाणी चुलीवर ठेवून भात झाला म्हणून सांगितलं होतं. तिला इतकी लाज वाटली, की त्या दिवशी वांग्याची भाजी तिच्या घशाखाली उतरली नाही. आणि मैनाबाईची वांग्याची भाजी न उतरणं ही काही साधी गोष्ट नाही.

सोमवारी ती गाईड सरांकडे गेली. गाईड सर मनानं चांगले, पण निवृत्तीला आलेले. "दूसरा तो कम ही दे रहा है ना?" ते म्हणाले.

"सर, तीसरा हुआ तो?"

"मैडम, तीसरा किसने देखा है? आप मत बोलिए, वो नहीं पूछेंगी। एक बार सुधार में गया तो छह महीना पकड़ लो। लिस्ट निकल जाएगी।"

ते खोटं बोलत नव्हते. यादी खरंच निघून जाणार होती. बालाघाटची जागा दुसऱ्या कुणाला मिळणार, आणि हिला घाट चढून बैहरच्या कॉलेजात जावं लागणार, नाहीतर त्याच्याही पुढं. घरी मैनाबाईचे गुडघे, राहुलचं दुकान. पुष्पलता सरांना हो म्हणाली. हो, म्हणाली! उगाच तिला आत्तापासून देवळात बसवू नका. तीन दिवस तिनं स्वतःला समजावलं, की आपण कुठं खोटं सांगतोय, आपण फक्त गप्प बसतोय.

परीक्षेच्या दिवशी राहुलनं दुकान बंद ठेवलं आणि पांढरा शर्ट घातला. मैनाबाई निळ्या काठाचं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसली. परीक्षा सगळ्यांना खुली असते, हे तिनं दोनदा विचारून पक्कं करून घेतलं होतं. भोपाळच्या बाई किडकिडीत, केस पिकलेले, तोंडात वेलदोडा. पुष्पलतानं छान सांगितलं. तलाव सांगितला, धान सांगितलं, सावली-किंमत सांगितली. बाई माना डोलवत होत्या. चौथं प्रकरण आलं तसं पुष्पलतानं पडद्यावरचं पान जरा झपकन पुढं ढकललं.

"रुकिए," बाई म्हणाल्या. "पीछे जाइए। ये जो शर्तें हैं आपकी, ये आवश्यक हैं या पर्याप्त?"

झालं! नेमकं तेच! पुष्पलताला दोन्ही शब्द हिंदीत येतात, इंग्रजीत येतात, झोपेतून उठवलं तरी येतात. पण त्या क्षणी सगळ्या भाषा पळाल्या. घशातून आला तो वर्गातला शब्द.

"मॅडम... लागते."

"लगता है?" बाईंच्या भुवया वर गेल्या. "लगता है मतलब? गणित में 'लगता है' नहीं चलता, मैडम। या तो है, या नहीं है।"

खोलीत हशा पिकला. बालाघाटात मराठी शब्द हिंदी कानात शिरला की असा वेष पालटून बाहेर येतो, हे इथल्या कुणालाही नवं नाही. गाईड सरांनी मात्र संधी साधली. मिठ्ठास आवाजात म्हणाले, "मैडम, ये मराठी में बोल गईं। इनका मतलब है आवश्यक भी, और पर्याप्त भी।"

"अच्छा, अच्छा," बाई हसल्या. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

बघा, दैव कसं चालून येतं. तिनं खोटं बोलायची गरजच उरली नव्हती. खोटं सरांनी बोलून टाकलं होतं, तेही भाषांतर म्हणून. बाई लिहायला लागणार, टाळ्या होणार, राहुल पेढे आणायला पळणार. पुष्पलतानं पहिल्या बाकाकडे पाहिलं. तिथं तिच्या वर्गातली मयुरी आणि अंकित बसले होते, आणि दोघंही गोंधळून एकमेकांकडे पाहत होते. मॅडमनी 'लागते' म्हटलं होतं, आणि सर त्याचा अर्थ 'पुरते' सांगत होते. पूर्ण खोलीत त्या शब्दाचा मॅडमच्या गणितातला अर्थ पक्का ठाऊक असलेली ही दोनच पोरं, आणि त्यांना तो तिनंच शिकवला होता.

"नाही मॅडम," पुष्पलता म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला, की ती स्वतःच दचकली. "लागते म्हंजे सिर्फ आवश्यक. पर्याप्त नहीं है. पुरत नाही."

मग ती थांबलीच नाही. दुसरं वेळापत्रक सांगितलं, तिसऱ्याची भीती सांगितली, 'म्हणून हेच सर्वोत्तम' यातल्या 'म्हणून'ला आधार नाही हे सांगितलं. गाईड सरांनी कपाळाला हात लावला. मागून मैनाबाईचा आवाज आला, "पुरत नाही तं पुरत नाही म्हनून सांगा लागते बाप्पा, पंगत बसल्यावर कायचं!" तिला वाटलं, जेवणाचं चाललंय.

परीक्षक बाईंनी टोपण परत लावलं. मग म्हणाल्या, "आप नहीं बतातीं तो मैं पास कर देती।" आणि सहा महिन्यांच्या सुधारणेवर सही करून, चहा पिऊन, गाडीत बसून निघून गेल्या.

राहुल घरी आल्यावर मात्र फुटला. "काहून सांगतलं? त्या मॅडमनं मान्य केलतं! सरनं सांभाळलतं! तुले कायले खाज आलती?"

"पोट्टे समोर बसले होते ना."

"पोट्टे! पोट्टे चालले जाईन दोन वर्षांनं. बैहरले तुले जा लागन, पोट्ट्याइले नाही!"

तो खरं बोलत होता, म्हणून तिला जास्त रडू आलं. यादी लागली. बालाघाटच्या जागेवर तिचं नाव नव्हतं. बैहर मिळालं.

मग सुरू झाली घाटाची बस. सकाळी अंधारात डबा भरायचा, राहुल तोंड फुगवून गाडीवर स्टँडपर्यंत सोडायचा. रोज सोडायचा, हेही सांगायला पाहिजे. रागात असायचा, पण एकदाही म्हणाला नाही की ऑटोनं जा. बैहरच्या कॉलेजात पोरं थोडी, पोरी जास्त, कितीतरी जणी जंगलातल्या गावांतून जीपला लटकून येणाऱ्या. तिथं पहिल्याच दिवशी दीपिका नावाच्या मुलीनं विचारलं, "मैडम, आपको सज़ा में भेजा है क्या?" पुष्पलता म्हणाली, "हौ. पण मीच मांगून घेतली." पोरीला ते समजलं नाही, आणि पुष्पलतानं समजावलंही नाही. ती भातावर गेली.

बस मात्र कामाची निघाली. घरी कुणी ना कुणी हाक मारतं, बसमध्ये कोण मारणार? सागाच्या झाडांमधून बस वळणं घेत चढायची आणि पुष्पलता मांडीवर कागद ठेवून तिसरं वेळापत्रक शोधायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली. तिसरं सापडेना. पण सापडत नाही म्हणजे नाहीच, हेही म्हणता येत नाही. मग तिनं शोधणंच सोडलं आणि उलटा विचार केला. धानाला पाणी दिलं की उपज वाढते. आधी हळू, मग भरभर, मग पुन्हा हळू. म्हणजे तो वक्र आपलं वळण बदलतो ते एकदाच. आणि एकदाच बदलत असेल, तर आख्ख्या हंगामात गेट उघड्याचं बंद, बंदचं उघडं असं दोनदाहून जास्त वेळा उलटूच शकत नाही! हे तिला उतारावर सुचलं. ती जागेवरून इतकी उसळली, की शेजारच्या म्हाताऱ्याचं कोंबडं पिशवीतून निसटलं आणि आख्खी बस कोंबड्याच्या मागं लागली.

पुढचं काम कष्टाचं, पण सरळ होतं. गेट दोनदाच उलटू शकतं, म्हणजे नियम पाळणारी वेळापत्रकं बोटांवर मोजण्याइतकी. सर्वोत्तम असं काहीतरी आहेच, हे वेगळं सिद्ध करता येत होतं, तिनं केलं. सर्वोत्तम आहे, ते या मूठभरातच आहे, मग प्रत्येकातून किती धान निघतं ते काढायचं आणि सगळ्यांत जास्त देणारं उचलायचं. कुठं फट नाही. सुधारलेला प्रबंध भोपाळला गेला. परीक्षक बाईंनी या खेपेला टोपण काढलं ते लावलंच नाही. पुष्पलता नंदेश्वर डॉक्टर झाली.

बातमी आली तेव्हा ती थेट राहुलच्या दुकानात गेली. तो एका मोटरीत तार भरत बसला होता. ऐकलं तसा उठला, हात पुसले, समोरच्या हॉटेलवाल्याला चहा सांगितला, शेजारच्या भैयालाल टायरवाल्याला ओरडून सांगितलं, "अरे, माही बायको डॉक्टर झाली, खरीवाली!" कित्येक महिन्यांचा रुसवा एका चहात विरघळला. मग स्टुलावर बसून त्यानं सहज विचारलं, "मंग कोनतं निघालं? तिसरं का चौथं?"

पुष्पलतानं कपात बघितलं. "पहिलंच."

"कोनतं पहिलं?"

"जे आधी लिहिलतं तेच. सगळ्यांत चांगलं तेच निघालं."

राहुलचा कप हातातच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून पहाटेची बस, घाट, मैनाबाईचे गुडघे आणि ती यादी, सगळं सरकताना तिला दिसलं. "म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "तू तवा गप बसली असती... तं त्यात काहीच खोटं नोतं?"

"नोतं."

"अवं, मंग कायले गेली तू बैहरले! ते खरंच होतं ना!"

"खरं होतं," पुष्पलता म्हणाली. "पण तवा ते मले मालूम नोतं."

भैयालाल टायरवाला हातात पाना घेऊन दारात येऊन उभा राहिला आणि काय झालं ते न कळून परत गेला. राहुलनं समोरच्या मोटरीवर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या गणितातला एक प्रश्न त्यानं कधी स्वतःहून विचारला नव्हता. आज विचारला.

"आन तिसरं निघालं असतं तं?"

"तं मी खोटी डॉक्टर असती," ती म्हणाली. "आन तुमी मले जलमभर डॉक्टरीन म्हणत फिरले असते."